वाघ्या घास घेऊन कुठे जातो?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी कुत्रा आहे? असेल, तर त्याला जेवताना तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? एखादा कुत्रा ताटलीतला घास उचलतो, अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन खातो आणि दुसरा घास न्यायला परत येतो. एखादा ताटली नाकाने ढकलत ढकलत पार भिंतीपर्यंत नेतो. एखादा घरातले माणूस शेजारी बसल्याखेरीज अन्नाला तोंडच लावीत नाही. एखादा पोळीचा तुकडा मातीत पुरतो आणि नाकाने वर माती लोटतो. आपण हसतो, 'आमचा कुत्रा जरा तऱ्हेवाईकच आहे' असे म्हणतो आणि विषय तेथेच संपतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र असा एक विषय तेथे संपला नाही. त्या तऱ्हेवाईकपणापायी एका कुत्र्याचा जीव जाण्याची वेळ आली होती. त्याचीच ही हकीकत आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. चोहोकडे साग, बांबू आणि मोहाचे जंगल, वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची, आणि शेती भाताची. डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे आणि ते वाहून नेणारे ट्रक रस्त्यावर सतत दिसतात. माझी थोरली बहीण याच परिसरातल्या एका लहान गावात राहते. भाऊजी शिक्षक आहेत. दिवाळीत मी तेथे गेलो, तेव्हा भाचा आणि भाची नेहमीप्रमाणे फाटकापर्यंत धावत आली. पण दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

"मामा, वाघ्या पाणी पीत नाही जी," भाची म्हणाली. "जेवतपण नाही नीट."

वाघ्या म्हणजे त्यांचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा. त्याच्यापुढे स्टीलच्या ताटलीत वरण-भात ठेवला होता. तो पुढे आला, मान खाली घातली, एकदम दचकून मागे सरला, पुन्हा पुढे झाला, एक घास तोंडात धरला आणि तो घेऊन दहाबारा पावलांवर गेला. तेथे मातीवर तो घास ठेवून त्याने खाल्ला. पाण्याच्या स्टीलच्या पातेल्याजवळ तर तो मान खाली घाली आणि तोंड न लावताच मागे फिरे. फाटकाबाहेर चारपाच माणसे जमली होती. त्यांच्यातले एक म्हातारे बाबा म्हणाले, "पोट्टे हो, जवळ नका जाऊ. पिसाळला असल." एकाच्या हातात काठी होती.

इतक्यात भाचा पुढे झाला. "घशात हाड अडकलं असंल. मी पाहतो," असे म्हणून तो वाघ्याच्या तोंडात हात घालणार, तोच मी त्याचे मनगट धरले. मी त्याच्यावर जरा जोरातच ओरडलो आणि त्याला ते लागले. नंतर त्याला कारण समजावून सांगितले. तेच तुम्हालाही सांगतो, कारण या लेखातली बाकी सारी गंमत तुम्ही विसरलात तरी चालेल, ही गोष्ट विसरू नका.

कुत्रा पिसाळतो तो रेबीज नावाच्या रोगाने. या रोगाचे विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत जातात आणि पुढे लाळेत उतरतात. रोग झालेल्या माणसाला पाण्याची भीती वाटते, म्हणून कुत्र्यालाही पाण्याची भीती वाटते असा समज आहे. पण कुत्र्याच्या बाबतीत तो तसा खरा नाही. कुत्र्याच्या घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात. त्याला गिळता येत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते. पाहणाऱ्याला हुबेहूब असे वाटते, की याच्या घशात काहीतरी अडकले आहे! मग एखादा दयाळू माणूस त्याच्या तोंडात हात घालतो. हातावर नखाएवढी जखम असली, तरी लाळेतले विषाणू तिच्यातून शरीरात शिरू शकतात. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली, की मग उपचाराचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. याउलट, चावा किंवा ओरखडा लागताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि लगेच दवाखान्यात जाऊन लसीची सर्व इंजेक्शने घेतली, तर माणूस वाचतो. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला रेबीजची लस दिली आणि तो वाचला. ही विद्या तेव्हापासून आपल्या हाती आहे. मात्र ती वेळेवर वापरायला हवी, आणि जंगलातल्या गावाहून दवाखाना गाठायचा म्हणजे तो वेळ फार मोलाचा असतो.

मग वाघ्या पिसाळला होता काय? त्याचा जबडा लोंबत नव्हता, लाळ गळत नव्हती आणि तो घास गिळत होता. पण एवढ्यावरून निर्धास्त होणे शहाणपणाचे नव्हते. मी भौतिकशास्त्र शिकवतो, मी काही पशुवैद्यक नाही. भाऊजींनी भाकरीचा तुकडा दाखवून वाघ्याला रिकाम्या गोठ्यात नेले आणि दार लावून घेतले. काठीवाल्या गृहस्थाला चहा देऊन बसवले. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून पशुवैद्यक आले. त्यांनी वाघ्याला हातमोजे घालून तपासले, तोंडात काही अडकलेले नाही हे पाहिले, लसीचे इंजेक्शन दिले आणि सांगितले, "मला तर रोगाचे काही दिसत नाही. तरी दहा दिवस कोंडून ठेवा, हात लावू नका, दुरून पाहत राहा. काही बदल दिसला तर कळवा."

दहा दिवस दुरून पाहणे! विज्ञानात निरीक्षण नावाची जी पायरी असते, तिची अशी सक्ती झाली हे एका दृष्टीने बरेच झाले. नाहीतर मी पहिल्याच दिवशी प्रयोग करून मोकळा झालो असतो, आणि तोही चुकीचा.

गोठ्याला बांबूचा ताटवा होता. त्यातून आतले स्वच्छ दिसे. ताटली आणि पातेले बांबूने आत सारायचे, आणि भाच्याने वहीत लिहायचे. म्हाताऱ्या बाबांनी सुचवले म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी मातीच्या पसरट परळात ठेवले, आणि वाघ्या ते लपालपा प्यायला! मुले आनंदाने ओरडली. मी त्यांना म्हटले, "थांबा. पाणी प्यायला म्हणजे रोग नाही, असे म्हणता येत नाही. पिसाळलेला कुत्राही सुरुवातीला पाणी पिऊ शकतो. फक्त एवढेच लिहा, की स्टीलच्या पातेल्यातून प्यायला नाही, मातीच्या परळातून प्यायला." भाच्याने नाखुशीने तसे लिहिले. पण पुढे तीच नोंद कामी आली.

वाघ्या पाणी कसा पितो हे पाहण्यात आमचे दोन दिवस कसे गेले ते कळलेच नाही. शेजारच्या गोठ्यात बैल होते. बैल ओठ पाण्यात बुडवतो आणि पाणी ओढून घेतो. आपणही पेला तोंडाला लावून तेच करतो. तोंडातला दाब कमी केला, की बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. यासाठी तोंड सर्व बाजूंनी बंद करता यायला हवे. कुत्र्याला ते जमत नाही. त्याच्या तोंडाची फट पार मागेपर्यंत गेलेली असते आणि आपल्यासारखे पुरे गाल त्याला नसतात. भोक पडलेल्या नळीने सरबत ओढून पाहा, म्हणजे त्याची अडचण कळेल. म्हणून त्याला जिभेवर भिस्त ठेवावी लागते.

आम्ही मोबाइलवर मंदगतीने चित्रण केले. जीभ बाहेर येताना तिचे टोक मागे, हनुवटीकडे वळते आणि पळीसारखा खोलगट आकार होतो. भाची म्हणाली, "पळीनं पाणी उचलतो!" मलाही अनेक वर्षे असेच वाटत होते. पण चित्रण नीट पाहिले, तर त्या पळीतले बहुतेक पाणी वाटेतच सांडते. हार्वर्ड विद्यापीठातल्या क्रॉम्प्टन आणि मुसिन्स्की यांनी 2011 साली कुत्र्याच्या पाणी पिण्याचे क्ष-किरणांनी चलचित्रण करून हे दाखवून दिले होते. मग पाणी पोटात जाते कसे? वळलेल्या जिभेचा पृष्ठभाग पाण्याला टेकतो आणि आसंजनामुळे पाणी त्याला चिकटते. जीभ झटक्याने वर जाते, तेव्हा तिच्यामागोमाग पाण्याचा एक खांब वर उठतो. जडत्वामुळे तो वर जात राहतो, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि खांब मध्येच बारीक होऊ लागतो. तो तुटून खाली पडण्याच्या बेतात असतो, नेमक्या त्या क्षणी कुत्रा जबडा मिटतो आणि खांबाचा वरचा भाग तोंडात पकडतो. म्हणजे कुत्रा पाणी पीत नाही, तो पाण्याचा लचका तोडतो म्हणा ना! अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी 2015 साली 19 कुत्र्यांवर मोजमापे करून याचे गणित मांडले. त्यांना असे आढळले, की जीभ वर ओढली जाताना तिचे त्वरण फार महत्त्वाचे असते. ते गुरुत्व त्वरणाच्या काही पट होते. मांजर हेच काम पुष्कळ शांतपणे करते. जिभेचे फक्त टोक पाण्याला टेकवते आणि सेकंदाला साडेतीनचार वेळा बारीक धार उचलते. त्या शोधाची सुरुवातही मजेदार आहे. एमआयटीतले रोमन स्टॉकर सकाळी न्याहारीच्या वेळी आपल्या कुत्ता-कुत्ता नावाच्या मांजरीला पाणी पिताना पाहत होते (मांजरीचे नाव कुत्ता, ही आपल्यासाठी आणखी एक गंमत!), आणि त्या कुतूहलातून 2010 साली एक गाजलेला शोधनिबंध तयार झाला.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. ताटात पाणी घ्या. चमच्याची फुगीर पाठ पाण्याला अलगद टेकवा आणि चमचा सावकाश वर उचला. पाणी जेमतेम उठते आणि सुटते. आता तोच चमचा झटक्याने उचला. पाण्याचा उंच, निमुळता खांब उठलेला दिसेल. तो हाताने पकडून पाहा! पाच वेळा प्रयत्न केलात, तर वाघ्याच्या वेळ साधण्याच्या कौशल्याबद्दल तुम्हाला आदर वाटू लागेल. कुत्रा पाणी पिताना चहूकडे सांडतो, हा त्याचा गबाळेपणा नव्हे. मोठा खांब उचलण्याची ती किंमत आहे.

दहा दिवस संपले. वाघ्या धडधाकट होता. पशुवैद्यकांनी फोनवर सारे ऐकून त्याला मोकळे करायला सांगितले. फाटकाबाहेरची माणसेही हळूहळू पांगली होती. पण गोठ्यातून सुटलेल्या वाघ्यापुढे स्टीलची ताटली ठेवली मात्र, पुन्हा तेच! घास उचलायचा आणि दूर न्यायचा.

आता माझी पाळी होती. मी ताटलीकडे बोट दाखवून ऐटीत जाहीर केले, "घर्षण!" गुळगुळीत स्टीलची ताटली गुळगुळीत फरशीवर सरकते, कुत्र्याने चाटले की पळते, म्हणून तो घास निवांत जागी नेतो. इलाज सोपा होता. ताटलीखाली गोणपाट घातले. ताटली सरकेनाशी झाली. वाघ्याने मान खाली घातली, दचकला, घास उचलला आणि अंगणात गेला. भाचीने माझ्याकडे पाहिले. मी ओशाळलो.

"मामा," ती जरा वेळाने म्हणाली, "तो चालतो तेव्हा घुंगरू छुनछुन वाजते. पण ताटलीपाशी टण् वाजते."

मी कान देऊन ऐकले. खरेच! वाघ्याच्या गळपट्ट्याला एक पितळी घुंगरू बांधलेले होते. पोळ्याच्या दिवशी बैलांना सजवताना भाचीने ते हौसेने त्यालाही बांधले होते. वाघ्याने मान खाली घातली, की ते लोंबणारे घुंगरू ताटलीच्या काठावर आपटे. पाण्याच्या पातेल्याचे तेच. मी चौकशी केली, "हा असा कधीपासून वागतो?" ताई म्हणाली, "पोळ्यापासून." मग दोष घुंगराचाच! पण ताई पुढे म्हणाली, "नवी स्टीलची ताटलीपण तेव्हाच बाजारातून आणली ना. आधी तो पत्रावळीवर जेवायचा."

येथे अडचण उभी राहिली. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या. दोष ताटलीचा की घुंगराचा, की दोघांच्या संगतीचा? नुसता विचार करून याचे उत्तर मिळत नाही. एका वेळी एक गोष्ट बदलून पाहावी लागते. आम्ही चार जोड्या केल्या: ताटली आणि घुंगरू, ताटली, घुंगरू काढून, पळसाची पत्रावळ आणि घुंगरू, पत्रावळ, घुंगरू काढून. दिवसाला दोन जेवणे, चार दिवस, म्हणजे आठ जेवणे. प्रत्येक जोडी दोनदा. कोणत्या वेळी कोणती जोडी घ्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवले. नाहीतर मी नकळत आपल्या सोयीचा क्रम लावला असता. अन्न तेच, दोन वाट्या भात आणि वरण. जागा तीच. आणि आम्ही सर्वांनी खिडकीआड राहायचे, कारण माणसांची गर्दी पाहूनही कुत्रा घास दूर नेतो. घुंगरू काढायचे-घालायचे काम फक्त भाऊजींचे आणि तेही जेवणाच्या बऱ्याच आधी. जेवणाऱ्या कुत्र्याशी लगट करू नये, तो आपला असला तरी.

वहीत काय उतरले ते सांगतो. ताटली आणि घुंगरू असताना वाघ्याने पहिल्या खेपेला अकरा घास दूर नेले, दुसऱ्या खेपेला नऊ. ताटली ठेवून घुंगरू काढले, तेव्हा दोन आणि शून्य. पत्रावळीवर घुंगरासह एक आणि शून्य. पत्रावळीवर घुंगराविना दोन्ही वेळा शून्य. म्हणजे एकटी ताटली निर्दोष आणि एकटे घुंगरूही निर्दोष. दोघांची गाठ पडली, की गडबड! एकाच कुत्र्याची आठ जेवणे म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, हे मी मुलांना सांगितले. पण अकरा आणि शून्य यांत फरक आहे, हे त्यांनी मला सांगितले.

आता तो टण् असा आवाज वाघ्याला एवढा का लागावा? आपल्याला सुमारे 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे येतात. धातूवर धातू आपटला, की उंच वारंवारतेची कंपनेही निर्माण होतात. त्यांतली काही आपल्या कानांच्या पलीकडची असतात, पण कुत्र्याच्या कानांच्या आवाक्यात असतात. पळसाचे पान मऊ, त्यात कंपने चटकन विरून जातात. मातीच्या परळाचेही बरेचसे तसेच.

पण भाच्याने एक बिनतोड प्रश्न विचारला. "आई रोज पळीने ताटली वाजवूनच त्याला जेवायला बोलावते. तो आवाज ऐकून तर तो धावत येतो, शेपटी हलवत! मग ताटलीला भितो कसा?"

बोलावण्याच्या आवाजाचे उत्तर रशियातल्या पावलॉव्ह यांच्या प्रयोगांत आहे. पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी त्यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांना असे दिसले, की अन्न यायच्या आधीच, नुसती ते येण्याची खूण मिळताच, कुत्र्याला लाळ सुटते. ताईच्या पळीचा आवाज ही वाघ्यासाठी अशीच खूण झाली होती. आणि भिण्याचे उत्तर अंतरात आहे. ताई ताटली वाजवते ती वाघ्यापासून सुमारे 20 मीटरवर. घुंगरू आपटते ते त्याच्या कानापासून सुमारे 20 सेंटिमीटरवर. अंतर शंभरपट कमी. ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून तोच ठोका कानाजवळ वाजला, तर त्याची तीव्रता 100 × 100 म्हणजे 10,000 पट होते. डेसिबलच्या भाषेत 40 डेसिबलची वाढ. ताईचा ठोका घुंगराच्या टोल्यापेक्षा पुष्कळ जोरदार असतो, हे खरे. तो शंभरपट जोरदार धरा. तरीही कानाजवळचा टोला शंभरपट तीव्र उरतोच. हा हिशेब ढोबळ आहे, घराच्या भिंतींवरून होणारे परावर्तन मी त्यात धरलेले नाही. पण वाघ्या वेडा नव्हता हे कळायला तो पुरेसा आहे. तुमच्या प्रत्येक घासाला कोणी कानाशी झांज वाजवली, तर तुम्हीही ताट उचलून ओसरीवर जाल!

प्रश्न सुटला म्हणून आम्ही खूश होतो. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. भाऊजींनी मटण आणले. वाघ्याच्या पत्रावळीवर भात आणि बिनहाडाच्या मांसाचा एक मोठा तुकडा ठेवला. (शिजवलेली हाडे कुत्र्याला देऊ नका. ती फुटून टोकदार तुकडे होतात.) घुंगरू नव्हते, ताटली नव्हती. आणि वाघ्याने तो तुकडा उचलला आणि थेट गोठ्यामागे नेला! परत येऊन भात मात्र जागेवरच खाल्ला.

"मामा, तुमचा सिद्धांत गेला," भाचा म्हणाला.

सिद्धांत गेला नव्हता, पण तो सगळ्याच गोष्टींना पुरत नव्हता. घास दूर नेण्याची एकच दिसणारी सवय, पण तिच्यामागे दोन निरनिराळी कारणे होती. मांसाचा तुकडा दूर नेण्याची खोड घुंगराच्या कितीतरी आधीची, कदाचित कुत्रा माणसाच्या घरी आला त्याच्याही आधीची असावी. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. कळपाने शिकार केली, की एका शिकारीवर अनेक तोंडे. तेथे दोन गोष्टी फायद्याच्या. एक तर भराभर गिळणे, नाहीतर आपला तुकडा घेऊन बाजूला होणे. याच जंगलात राहणारे रानकुत्रे पाहा. चंद्रपूरच्या ताडोबात जाणाऱ्यांना त्यांचे कळप दिसतात. तांबडा रंग, काळी झुपकेदार शेपटी. ते आपल्या कुत्र्याचे पूर्वज नव्हेत, दूरचे भाऊबंद आहेत. आपल्या कुत्र्याला 42 दात, तर त्यांना 40. शिकार पडली, की रानकुत्रे ती आश्चर्यकारक वेगाने संपवतात, कारण वाघ किंवा बिबट्या येऊन ती हिसकावण्याची धास्ती असते. पिल्लांसाठीचे अन्न तर ते पोटातूनच नेतात आणि गुहेपाशी ओकून देतात.

गिळण्याची घाई वाघ्याच्या जबड्यातही दिसते. आपला जबडा वरखाली होतो तसा आडवाही सरकतो, म्हणून आपण भात दळू शकतो. कुत्र्याचा जबडा जवळजवळ फक्त वरखाली चालतो. त्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. कात्रीने कापता येते, दळता येत नाही. म्हणून तो चावत बसत नाही, कापतो आणि गिळतो.

मग जागेवर बसून खाल्लेल्या त्या भाताचे काय? लांडगा काही भात खात नाही. येथे आणखी एक सुंदर शोध सांगण्यासारखा आहे. स्टार्चचे पचन करणारे अमायलेज नावाचे विकर असते. ते स्वादुपिंडात तयार करण्याचा आदेश देणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केले, की कुत्र्यांत या प्रती चारपासून तीसपर्यंत असतात. माणसाने शेती केली, धान्य शिजवले, आणि त्याच्या दारातल्या कुत्र्याच्या पेशींत तो बदल लिहिला गेला. वाघ्याचे पोट भाताच्या गावचे झाले आहे, पण मांसाचा तुकडा दिसला की त्याचे पाय अजून जंगलाची वाट धरतात. वास्तविक त्याच्या पत्रावळीवर हक्क सांगायला तेथे कोणीही नव्हते, एक कोंबडी सोडली तर.

निघायच्या दिवशी म्हातारे बाबा आले. वाघ्याला पातेल्यातून पाणी पिताना त्यांनी बराच वेळ पाहिले. "घुंगरूच होतं म्हणता?" ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या कुत्र्याला लस कोठे मिळेल ते भाऊजींना विचारले. भाऊजींनी पशुवैद्यकांचा फोन नंबर लिहून दिला.

घुंगरू आता भाचीच्या सायकलीला बांधलेले आहे. वाघ्या ताटलीपाशी आणखी काही दिवस बिचकत होता, मग बिचकेनासा झाला. ताईने तरी ती ताटली स्वयंपाकघरात परत नेली आणि पुन्हा पत्रावळ सुरू केली. गेल्या महिन्यात भाच्याचा निरोप आला: "मामा, आता तो वरण लागलेली पत्रावळपण खाऊन टाकतो. सगळी नाही, मधलीच पाने. काड्या बाजूला काढतो. वही सुरू केली आहे."